कसरतीचा आकडा

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. तिच्यात एकंदर चार जण उतरले, तीन अमेरिकेचे आणि एक मेक्सिकोचा. पहिला आला जॉर्ज रॉथ. मंदीत त्याचे काम सुटले होते. सुवर्णपदक घेऊन तो स्टेडियमबाहेर पडला आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत घरी गेला, अशी हकिगत त्याच्याबद्दल सांगितली जाते. त्याआधी १९०४ मध्ये सेंट लुइसला हीच स्पर्धा झाली तेव्हा स्पर्धक तीन होते आणि तिघेही यजमान देशाचे. दोन ऑलिंपिकांत मिळून सात माणसे, आणि १९३२ नंतर ही स्पर्धा पुन्हा झाली नाही. मुद्गल हे आपल्या तालमीतले साधन. हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी इथल्या पहिलवानांना आणि शिपायांना ते फिरवताना पाहिले आणि तो व्यायाम आपल्या पलटणींत नेला. १८३४ मध्ये डोनाल्ड वॉकरच्या पुस्तकाने तो इंग्लंडच्या सुशिक्षित घरांपर्यंत पोचवला. १८६० नंतरच्या दशकात सायमन किहो याने न्यूयॉर्कमध्ये मुद्गल बनवून विकण्याचा धंदाच उभा केला. शाळा, छावण्या, व्यायामशाळा, बायकांचे वर्ग, सगळीकडे ते फिरू लागले. इतक्या हातांत असलेल्या व्यायामाची स्पर्धा ठेवली तर सात जण आले. उलट २०१८ साली क्रॉसफिट या कसरतींच्या स्पर्धेच्या खुल्या फेरीत जगभरच्या चार लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले, आणि त्यांतले बहुतेक नोकरी-धंदा सांभाळून सकाळ-संध्याकाळ व्यायाम करणारे होते. या दोन टोकांमधला फरक व्यायामप्रकाराच्या गुणदोषांत शोधून सापडणार नाही. माझे म्हणणे असे की तो मोजण्याच्या पद्धतीत आहे. ज्या कसरतीचा निकाल परीक्षकाच्या नजरेवर राहिला ती मोजक्या तरबेज लोकांची झाली, नाहीतर तिला जगवायला मोठी संस्था लागली. ज्या कसरतीचा निकाल कोणालाही वाचता येईल अशा आकड्यात उतरला, तिथे हौशी माणसाला जागा मिळाली.

नजरेच्या निकालाचा सर्वांत गाजलेला नमुना १४ सप्टेंबर १९०१ चा. त्या दिवशी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडोने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. सँडो स्वतः, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल असे तिघे निवाडा करायला बसले. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला. स्पर्धकांनी काही उचलून, ओढून किंवा चढून दाखवायचे नव्हते, उभे राहून शरीर दाखवायचे होते. सँडोने सामान्य माणसाला डंबेल हातात धरायला लावले हे त्याचे ऋण मोठे आहे. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी काही वर्षे त्याच्याच पद्धतीने व्यायाम करत होते, पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो रुजवला. पण सँडोने स्पर्धा जी ठरवून दिली, तिच्यात माणूस काय करू शकतो हा प्रश्नच नव्हता. तो कसा दिसतो एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तिघांच्या डोळ्यांत होते. घरी डंबेल मारणाऱ्या कारकुनाला आपण त्या मंचापासून किती लांब आहोत हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

याच काळात हौशी स्पर्धक कोण हेही ठरत होते, आणि ते ज्या रीतीने ठरले ते वाचून आजही चीड येते. १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या नियमांनी जो मजुरीवर कारागीर, यांत्रिक किंवा कामगार म्हणून राबतो वा राबलेला आहे त्याला हौशी मानायला नकार दिला. शरीराला कामाची सवय आहे हीच त्याची अपात्रता. इंग्लंडच्या मैदानी खेळांच्या संघटनेने १८८० मध्ये स्थापनेपासूनच कामगारांना दार उघडले, पण हेन्लीने तो नियम १९३० च्या दशकाच्या अखेरपर्यंत धरून ठेवला. म्हणजे आज कार्यात्मक तंदुरुस्ती या नावाखाली जी ओझी उचलली, ढकलली आणि वाहिली जातात, ती पोटासाठी वाहणाऱ्या माणसाला एके काळी स्पर्धेच्या दारातच अडवले जात होते. हौशी स्पर्धेचा इतिहास सांगताना हे वगळले तर पुढे आलेल्या खुलेपणाची किंमत कळत नाही.

आपल्याकडच्या तालमीत मोजणी नव्हती असे नाही. जोर, बैठका, सपाटे हे सगळे मोजूनच काढायचे. मुद्गल आणि करेल किती हात फिरवले याचा हिशेब असे, दगडी नाल किंवा गोटी उचलली की नाही हे सगळ्यांना दिसे. नवा पोरगा आला की वस्ताद त्याचा आकडा बेताने वाढवत नेई आणि अंगात कसर दिसली की कमीही करी. पण तो आकडा तयारीचा होता आणि तालमीच्या चार भिंतींत राहायचा. स्पर्धा होती ती कुस्तीची. कुस्तीचा निकाल माझ्या मुद्द्याला पुष्टीच देतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. तिथे शेवटच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्यालाही पाठ मातीला लागली की नाही हे पंचाइतकेच स्पष्ट दिसत होते. कुस्ती लोकांची झाली याचे एक कारण हा उघडा निकाल आहे. फक्त तिच्यात एक अडचण आहे. कुस्तीला जोड लागते, आणि प्रत्येक जोडीतला एक हरतो. चाळिशीचा शिक्षक किंवा दोन मुलांची आई रोज व्यायाम करत असेल तर त्यांच्यासाठी त्या हौद्यात काही नव्हते. जत्रेतली गोटी उचलण्याची शर्यत तिथपर्यंत थोडी पोचत होती, पण गोटी एकाच वजनाची. उचलली तर उचलली, नाहीतर विषय संपला.

मोजणीला तालमीबाहेर काढून सर्वसाधारण माणसाच्या हातात देण्याचा पहिला पुरा विचार मला फ्रान्सच्या जॉर्ज एबेरमध्ये दिसतो. हा नौदलातला अधिकारी. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सेंट पिएर शहर भस्मसात झाले तेव्हा तो तिथे बचावकार्यात होता, आणि शरीर उपयोगी पडण्यासाठी बळकट असावे ही त्याची धारणा तिथल्या अनुभवाशी जोडली जाते. पुढे नौदलाच्या सैनिकांना शिकवताना त्याने धावणे, चढणे, उडी, उचलणे, फेकणे, पोहणे यांची एक पद्धत बसवली. १९११ मध्ये त्याने बळ मोजण्याची एक संहिताच छापली. तिच्यात बारा कसोट्या होत्या: वेगवेगळ्या अंतरांच्या धावा, लांब आणि उंच उड्या, दोर चढणे, चाळीस किलोचे वजन उचलणे, ७.२५७ किलोचा गोळा फेकणे, पोहणे, पाण्याखाली बुडी मारून राहणे. प्रत्येक कसोटीला गुण आणि प्रत्येकाची एक पत्रिका. या पत्रिकेत परीक्षकाच्या आवडीनिवडीला जागा नव्हती. घड्याळ, फीत आणि काटा एवढ्यावर काम भागत होते. शिवाय एकाच प्रकारात पुढे जाऊन बाराही कसोट्यांची बेरीज साधत नव्हती. दोर उत्तम चढणारा पण पोहता न येणारा माणूस पत्रिकेवर लगेच उघडा पडे.

गमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट ही की याच एबेरने १९२५ मध्ये स्पर्धात्मक खेळाविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. त्याचा आक्षेप माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. स्पर्धा आली की माणूस विक्रमाच्या मागे लागतो, एकाच प्रकारात शरीर झिजवतो, पैसा आणि तमाशा शिरतो, आणि ज्या उपयुक्ततेसाठी व्यायाम सुरू झाला ती हरवते, असे त्याचे म्हणणे. मोजावे, पण आपले आपल्याशी. माझे उत्तर असे की एबेरने जो रोग सांगितला तो खरा, पण त्याचे निदान अर्धे. त्याच्या डोळ्यांसमोर होते एका वेळी एकच गोष्ट मोजणारे खेळ. अनेक गोष्टींची बेरीज मोजली, आणि त्यातून कोणती गोष्ट येणार हे आधी सांगितले नाही, तर स्पर्धाच माणसाला एकांगी होऊ देत नाही. हे सिद्ध व्हायला ऐंशी वर्षे जावी लागली आणि ते फ्रान्सऐवजी कॅलिफोर्नियात झाले.

ग्रेग ग्लासमन तरुणपणी जिम्नॅस्ट होता. २००० मध्ये त्याने क्रॉसफिट ही कंपनी काढली आणि २००१ पासून रोजचा व्यायाम संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. २००२ मध्ये त्याने तंदुरुस्तीची व्याख्या करणारा लेख लिहिला. तंदुरुस्ती म्हणजे जे पाहता येते, मोजता येते आणि पुन्हा करून पडताळता येते असे काम, कमी-जास्त वेळात आणि नाना प्रकारांत, हा त्याचा रोख होता. या विचाराचा हातात धरता येईल असा नमुना म्हणजे ‘फ्रान’ हा व्यायाम. ४३ किलोचा बार खांद्यावर घेऊन पूर्ण बैठक मारायची आणि उठताना तो थेट डोक्यावर न्यायचा, हे २१ वेळा. मग बारला लोंबकळून हनुवटी वर नेणे, २१ वेळा. मग दोन्ही १५ वेळा, मग ९ वेळा. घड्याळ पहिल्या बैठकीला सुरू होते आणि शेवटच्या हनुवटीला थांबते. तयारीचा माणूस हे काही मिनिटांत संपवतो आणि जमिनीवर आडवा होतो. नवखा वजन कमी करतो आणि दुप्पट-तिप्पट वेळ घेतो. पण दोघांनीही आपला वेळ लिहून ठेवला की तो जगातल्या कोणाच्याही वेळेशी लावून पाहता येतो, आणि मुख्य म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या आपल्याच वेळेशी. अधिकृत स्पर्धा सुरू होण्याआधीच अशी अखंड स्पर्धा चालू झाली होती. तिला मैदान नव्हते, पंच नव्हता, तिकीट नव्हते.

पहिली प्रत्यक्ष स्पर्धा २००७ मध्ये अरोमास गावाजवळ, कंपनीतल्या डेव्ह कॅस्ट्रोच्या कुटुंबाच्या कुरणावर झाली. सत्तरेक स्पर्धक होते आणि विजेत्याला पाचशे डॉलर. पहिला व्यायाम ठरवायला एका फिरत्या पिंजऱ्यात चेंडू घातले, प्रत्येकावर एक कसरत, आणि सर्वांसमोर चेंडू काढले. त्यातून निघाले ते हजार मीटर रोइंग आणि मग लोंबकळून हनुवटी वर नेणे व बार डोक्यावर ढकलणे यांच्या पाच फेऱ्या. त्यानंतर डोंगरवाटेवरची धाव, आणि मग तीन वजने उचलण्याची बेरीज. पुरुषांत कॅनडाचा जेम्स फिट्झगेराल्ड आणि स्त्रियांत जोली जेंट्री पहिले आले. स्त्रियांची स्पर्धा पहिल्याच दिवसापासून त्याच मैदानावर होती, नंतर कधी जोडलेली नव्हती. चेंडू काढण्याची ती रीत इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. काय येणार हे माहीत नसेल तर तयारी एकाच दिशेने करता येत नाही. धावपटूला वजन उचलावे लागते, वजन उचलणाऱ्याला धावावे लागते. तालमीत वस्ताद पोराकडून जोर, बैठक, मल्लखांब, मुद्गल, दोर सगळे करून घेई ते याच विचाराने, फक्त तिथे त्याचा शेवट कुस्तीत होता.

२०११ मध्ये खुली फेरी सुरू झाली आणि हौशी माणसाच्या दृष्टीने खरा पालट तिथे झाला. व्यायाम जाहीर होतो, ठराविक दिवसांत आपल्याच व्यायामशाळेत तो करायचा, शेजारी उभा असलेला मोजणी करतो, आकडा पाठवायचा. पहिल्या वर्षी सुमारे २६ हजार लोकांनी भाग घेतला, आणि सात वर्षांत ती संख्या वर सांगितलेल्या चार लाखांवर गेली. २०१५ मध्ये कमी वजनाचा आणि सोप्या हालचालींचा स्वतंत्र गट आला. त्याआधीच वयाचे गट आले होते. जत्रेतल्या एकाच वजनाच्या गोटीची अडचण इथे सुटली. इथे कोणी म्हणेल की हे इंटरनेटचे आणि जाहिरातीच्या पैशाचे यश आहे, मोजणीचे नव्हे. इंटरनेटशिवाय हे इतके पसरले नसते हे मान्य. पण शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांनाही तेच इंटरनेट मिळाले, पैसाही मिळाला, आणि जगातल्या प्रत्येक जिममध्ये त्यासाठी व्यायाम करणारे लोक आधीच तयार होते. तरी मंचावर जाणारे मूठभरच राहिले, कारण तिथला निकाल अजूनही परीक्षकाच्या डोळ्यांत आहे.

आकड्याने कसरतीची शुद्धता जाते, हा जाणकारांचा आक्षेप आहे आणि तो उगाच नाही. घाईत माणूस अर्धी बैठक मारतो, पाठ वाकवतो, झटक्याने वजन वर नेतो. यावरचा उपाय मोजणीतच सापडला हे पाहण्यासाठी हायरॉक्स या स्पर्धेचा शेवटचा टप्पा जवळून पाहावा. २०१८ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झालेल्या या स्पर्धेत एक किलोमीटर धावायचे, मग एक काम करायचे, असे आठ वेळा. ढकलगाडी ढकलणे आणि ओढणे, वजने हातात घेऊन चालणे, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन लांब पावले टाकणे, अशी ही कामे. शेवटी पुरुषांच्या साध्या गटात सहा किलोचा चेंडू तीन मीटर उंचीवरच्या खुणेवर शंभर वेळा मारायचा. प्रत्येक वेळी बैठकीत खुबा गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे आणि चेंडू खुणेला लागला पाहिजे. यातले एक चुकले तरी मोजणारा ती फेक मोजत नाही, आणि थकलेल्या माणसाला ती पुन्हा मारावी लागते. इथे शुद्धतेला गुण नाहीत, पण अशुद्ध फेकेची किंमत शून्य आहे, आणि ही रेषा पहिल्या नंबराच्या खेळाडूला जशी आहे तशीच शेवटच्या हौशी माणसालाही आहे. मुद्गलाच्या स्पर्धेतला परीक्षक किती सुंदर हे ठरवायचा, त्यासाठी त्याला वर्षानुवर्षांची नजर लागायची. इथला मोजणारा झाले की नाही एवढेच ठरवतो. ते काम एका दुपारी शिकता येते, म्हणून गावोगावी माणसे मिळतात.

मग मल्लखांब कसा टिकला? तिथे तर सगळे नजरेवर. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावरची पकड, उलटी, सुटी, हात कुठे आणि पायाचा चवडा कसा, याला गुण. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, १९८१ मध्ये तिच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कवर पंधरा देशांच्या खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा झाली. हे उदाहरण माझ्या विधानाला छेद देत नाही, त्याचा दुसरा भाग सिद्ध करते. मल्लखांब जगला तो व्यायाम मंडळांच्या जिवावर. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवले. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले आणि शिक्षक घडवले, दोराच्या मल्लखांबावर मुली आणल्या. नजर तयार करणारी अशी घराणी ज्या व्यायामामागे होती तो राहिला. न्यूयॉर्कच्या मुद्गलामागे कारखाना होता, घराणे नव्हते. तरीही मल्लखांबात तिशीनंतर नव्याने शिरणारा हौशी माणूस क्वचितच दिसतो, आणि ते या कलेचे न्यून नसून नजरेच्या निकालाची अटळ मर्यादा आहे.

धोक्याचा प्रश्न मात्र कोणत्याही युक्तिवादाने मिटत नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी फोर्ट वर्थ येथे क्रॉसफिटच्या मुख्य स्पर्धेत धावेनंतरच्या पोहण्यात सर्बियाचा लाझार जुकिच तळ्यात बुडून मरण पावला, तोही अंतिम रेषा जवळ असताना. माणूस आकड्यात उतरला की त्याच्याकडे पाहणारी नजर कमी होते, असा याचा अर्थ कोणी लावला तर मी तो फेटाळणार नाही. हौशी गटात मरण विरळा असले तरी, पहिल्याच आठवड्यात अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका डॉक्टर सांगत आले आहेत. तालमीत वस्ताद आकडा कमी करी ती गोष्ट इथे नियमातच यावी लागते: वेळेची मर्यादा, वयाचे गट, हलके वजन, पाण्यात पुरेसे जीवरक्षक. मोजणाऱ्याला थांबवण्याचाही अधिकार हवा. स्पर्धा खुली करायची आणि राखण मात्र खेळाडूच्या हिमतीवर सोडायची, हे चालणार नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. २०२५ च्या मे महिन्यात हायरॉक्स मुंबईत आली. तिची प्रवेश फी, त्यासाठी लागणारी जिमची वर्गणी आणि बूट हे सगळे धरले तर ती शहरी, कमावत्या माणसाची स्पर्धा आहे, आणि हेन्लीने नियमाने केले ते इथे किमतीने होते, असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य आहे. पण मोजमाप कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. ग्लासमनला २०२० मध्ये त्याच्या वक्तव्यांमुळे कंपनी सोडावी लागली, तरी त्याने रुजवलेली मोजणी दुसऱ्यांच्या हातांत चालूच राहिली. महाराष्ट्रात तर तिची जागा आधीच तयार आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धाव, दोघांनाही १०० मीटर, आणि गोळाफेक: मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, जवळजवळ एबेरच्याच वजनाचा, मुलींचा चार किलोचा. त्यासाठी गावोगावच्या अकादम्यांत आणि रस्त्याच्या कडेला पहाटे पाचला पोरे-पोरी धावतात. मैदानावर चुन्याच्या रेषा आखलेल्या आहेत, मास्तरांकडे स्टॉपवॉच आहे, मोजायला माणसे आहेत. भरतीचे वय संपले की ही पोरे त्या मैदानावर पुन्हा येत नाहीत, आणि त्यांच्या आयांना तर तिथे कोणी कधी बोलावलेच नाही. वर्षातून एक रविवार त्याच रेषांवर, वयाचे गट पाडून, धाव, गोळा, पोते खांद्यावर घेऊन शंभर मीटर आणि जोर-बैठकांची एक बेरीज लावली, तर तिला ना परदेशी परवाना लागेल ना फी.